कड

टोपी, गॉगल आणि तोंडाभोवती गुंडाळलेला सुती स्कार्फ. निघताना आरशात पाहिलं, तर दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होते. “ऊन किती आहे गं!” असं मीच मैत्रिणीला सांगून टाकलं, तिनं काही विचारायच्या आत. ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढं झाकून घेणं फक्त उन्हासाठी नव्हतं, हे तिला कळत होतं आणि तिला कळतंय हे मलाही कळत होतं.

प्राइड परेडला, म्हणजे समलिंगी वगैरे माणसं उजळ माथ्यानं काढतात त्या मिरवणुकीला, मी पहिल्यांदाच चालले होते. मैत्रीण दरवर्षी जाते. तिचं एका मुलीवर प्रेम आहे, हे तिनं मला पुष्कळ वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हापासून तिच्यामागे कुणी काही बोललं की मी भांडते, चांगली तावातावानं भांडते. पण भर रस्त्यात तिच्याबरोबर चालायचं म्हटल्यावर मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ओळखीचं कुणी भेटलं आणि मलाही ‘त्यांच्यातली’ समजलं तर? हा प्रश्न लाजिरवाणा आहे. त्याला उन्हाळ्यानं बिनबोभाट उत्तर दिलं, एवढंच. पावसाळ्यात गॉगल लावून कोण फिरतं?

“तू माझी कड घेतेस खरी,” मैत्रीण म्हणाली, “पण कडेला उभं राहून.” मग लगेच म्हणाली, “पाणी घे बाटलीभर. आणि वाटलं तर ये आत, नाही तर राहू दे.”

बेत ठरला होता. चालायचं नाही, बघायचं. साडेअकराला मी रस्त्याच्या कडेचं एक झाड गाठलं. सावली ऐसपैस होती. बारा वाजेपर्यंत ती आखडत बुंध्यापाशी आली आणि तेवढ्या तुकड्यावर आम्ही पंधराएक माणसं एकमेकांची माफी मागत उभे होतो. डांबरावरून वाफा उठताना दिसत होत्या. चपलेच्या तळव्यातून चटका वर येत होता. हा कार्यक्रम हिवाळ्यात ठेवता येत नाही का, असा अत्यंत मध्यमवर्गीय विचार माझ्या मनात आला.

नाही येत, कारण तो उकाडा तारखेबरोबर वारशानं आलेला आहे. 28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या ‘स्टोनवॉल इन’ या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली. अशा धाडी नेहमीच्या होत्या. नेहमीचं नव्हतं ते हे, की त्या रात्री लोक मान खाली घालून पांगले नाहीत. वर्षानं, 28 जून 1970 ला, तिथेच आठवणीचा मोर्चा निघाला. सेंट्रल पार्कपर्यंतचं 51 ब्लॉकचं अंतर लोकांनी ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात कापलं. उत्साह होताच, पण हातात असले फलक घेऊन शहरातून चालायची धास्तीही होती. मला या मोर्चाबद्दल सगळ्यात आवडतं ते हेच. ती माणसं झपाझप चालली होती. पोटात गोळा घेऊनच चालली होती.

सिडनीकरांचं उलटं झालं. त्यांचा पहिला मोर्चा 24 जून 1978 च्या रात्री निघाला, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. त्यात 53 जणांना अटक झाली. पुढे 1981 पासून त्यांनी तो सोहळा मुद्दाम उन्हाळ्यात आणला. मला त्या झाडाखाली हे आठवलं असतं, तर मी त्यांना शहाणं म्हटलं नसतं.

मिरवणूक आली तेव्हा आधी आवाज आला, मग रंग. गालावर रंगवलेले पट्टे घामानं ओघळून हनुवटीपर्यंत आले होते. कुणाच्या कागदी पंखांचा डिंक सुटला होता आणि मागचा माणूस ते पंख सांभाळत चालत होता. एक मुलगा फवाऱ्याची बाटली घेऊन दिसेल त्याच्या मानेवर पाणी मारत होता, “मान पुढे करा, मान!” मी मान पुढे केली नाही. स्कार्फ काढावा लागला असता.

मग कान बधिर झाल्यासारखे झाले आणि समोरचं सगळं पांढुरकं दिसायला लागलं. एका स्वयंसेविकेनं दंडाला धरलं. “किती वेळ उभ्या आहात? एका जागी उभं राहू नका. बसा, पाणी प्या, नाही तर चालत राहा.” नंतर समजलं, की ती बरोबर सांगत होती. उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नुसतं उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि मेंदूला कमी पडतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले जातात आणि ते रक्त वर ढकलतात. म्हणजे कडेला उभं राहून बघणाऱ्यालाच भोवळ येण्याची भीती जास्त. मला वाटत होतं, मी सोपी बाजू निवडलीय.

बसून पाणी प्यायले. बरं वाटलं, उठले, तर समोरून ते कापड येत होतं. पाचपन्नास हात लांब असेल, सहा रंगांचं, दोन्ही बाजूंनी माणसांनी डोक्यावर उचलून धरलेलं. त्याखाली सावली होती! एवढं कारण मला पुरलं. मी रस्त्यावर उतरले आणि त्याखाली शिरले. पण ही सावली झाडासारखी थांबणारी नव्हती. तिच्यात राहायचं तर चालणं भाग होतं.

आत गारवा वगैरे नव्हता. वारा अडून उलट कोंडलंच होतं. उजेड मात्र असा मी कधी पाहिला नव्हता. ऊन कापडातून गाळून येत होतं आणि शेजारच्या बाईंचा चेहरा हिरवा, पुढच्याची टक्कल नारिंगी. मी पिवळ्या पट्ट्याखाली होते. गिल्बर्ट बेकर या कलाकारानं 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्राइडचा हा इंद्रधनुषी झेंडा केला, तेव्हा प्रत्येक रंगाला अर्थ दिला होता. पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश. माझ्या नशिबी तोच यावा! मुळात पट्टे आठ होते. गडद गुलाबी गेला तो कुठल्या वादामुळे नव्हे, त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना म्हणून. मला हे कारण फार घरगुती वाटतं.

“ताई, ही कड धरा जरा, हात भरून आले,” कुणी तरी म्हणालं आणि उत्तराची वाट न बघता कापडाची किनार माझ्या हातात दिली. दोन्ही हात वर. गॉगल घामानं आतून धुरकटला, मग नाकावरून घसरत घसरत पडला. कुणी तरी उचलून माझ्या खिशात कोंबला. स्कार्फ कधीच गळ्यात आला होता. पुढून मैत्रिणीनं वळून पाहिलं. ती तेव्हाही काही बोलली नाही.

वळसा घालून मिरवणूक परत माझ्या झाडापाशी आली. माझ्या जागी आता एक गृहस्थ होते. टोपी, काळा चष्मा, नाकापर्यंत बांधलेला रुमाल. बुंध्याला चिकटलेले.

“या ना,” मी ओरडले, “इकडे सावली आहे!”

मी दुसऱ्या कुणाला बोलावतेय असं वाटून त्यांनी मागे वळून पाहिलं.