डॉलीचं पुस्तक आलं!

महिन्यातून एकदा आमच्या टपालपेटीत लेकीच्या नावाने एक पुस्तक येतं. ती तीन वर्षांची आहे, वाचता काही येत नाही. पण वरच्या चिठ्ठीवर आईबाबांचं नाही, आपलंच नाव आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. "डॉलीचं पुस्तक आलं!" करत ती चपलांसकट घरात धावते.

ही डॉली म्हणजे अमेरिकेतली प्रसिद्ध कंट्री गायिका डॉली पार्टन. इथे टेनेसी राज्यात राहायला आलो तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हायवेवरच्या जाहिरातीत. डोक्यावर सोनेरी केसांचा डोंगर, चमचम कपडे, ही लांब नखं. खोटं कशाला सांगू, मी नाक मुरडलं. नंतर कळलं की लहानपणी गावातली एक भडक नटणारी बाई तिला फार सुंदर वाटायची. आई म्हणाली, ती वाया गेलेली आहे. झालं, मोठेपणी आपणही तसंच व्हायचं हे डॉलीने तिथेच ठरवलं!

आमच्या नॉक्सव्हिलपासून तासाभराच्या आत सेव्हियर काउंटी लागते. तिथे स्मोकी पर्वतांच्या कुशीत, एका खोलीच्या लाकडी घरात १९ जानेवारी १९४६ रोजी ती जन्मली. १२ भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली. मला आपलं बलुतंच आठवलं. आईने चिंध्या जोडून तिला कोट शिवला, म्हणजे अंगात घालायची गोधडीच. शाळेत पोरं हसली. पुढे गायकांच्या बसमधून प्रवास करताना त्या कोटाचं गाणं सुचलं आणि हाताशी कागद नव्हता, तर ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे तिने ते लिहून काढलं. १९७१ साली ते आलं.

१९६४मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने कंट्री संगीताचं माहेरघर असलेलं नॅशव्हिल गाठलं. १९६७पासून गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायची. सात वर्षांनी वेगळं व्हायचं म्हटलं तर ते सोडेनात. वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून तिने निरोपाचं एक गाणं लिहिलं आणि त्यांना म्हणून दाखवलं: 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. हो, आपण सगळे जे व्हिटनी ह्यूस्टनचं समजतो, तेच. त्याआधी एल्विस प्रेस्लीलाही ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले. डॉली रात्रभर रडली, पण हक्क दिले नाहीत. १९९२मध्ये व्हिटनीने ते गायलं तेव्हा त्या नकाराची किंमत सगळ्यांना कळली.

पण आमच्या घरात तिची गाणी नंतर आली, पुस्तकं आधी. तिचे वडील वाट्याने शेती करायचे. हिशेबात पक्के, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी म्हणून तिने १९९५मध्ये आपल्या काउंटीत ही योजना सुरू केली: मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक, फुकट, पोस्टाने. आता ती पाच देशांत आहे, आणि वाटलेल्या पुस्तकांचा आकडा २० कोटींच्या पुढे गेलाय. पोरं डॉलीला 'बुक लेडी' म्हणतात आणि लेकीच्या बाकी प्रसिद्धीपेक्षा वडिलांना याचंच जास्त कौतुक होतं म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून माझे आईबाबा आले, तेव्हा सेव्हियरव्हिलला कोर्टासमोरचा तिचा पुतळा दाखवायला नेलं. खडकावर बसलेली, हातात गिटार, पाय अनवाणी. "पुतळा आहे आणि हार नाही?" बाबांचा पहिला प्रश्न. मग त्यांना तिच्या वडिलांचा किस्सा सांगितला. पुतळा झाल्याचं तिने कौतुकाने सांगितलं, तर वडील म्हणाले, चाहत्यांना तू देवी वाटत असशील, पण कबुतरांच्या लेखी तू आणखी एक संडास. वडील वारल्यावर तिला भावाकडून कळलं की अंधार पडला की ते ट्रकमध्ये साबणाच्या पाण्याचं पिंप आणि झाडू टाकून कोर्टापाशी यायचे आणि पुतळा घासून धुवायचे.