फोन न उचलणारी माणसं

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मी कच्चा डेटा परत एकदा उघडला. काम असं, की बेरोजगारांसाठी चाललेल्या एका ट्रेनिंगचा खरंच उपयोग झाला का ते मोजायचं. जागा कमी आणि अर्ज भरपूर म्हणून लॉटरी काढलेली, ज्यांचा नंबर लागला ते ट्रेनिंगला गेले, ज्यांचा नाही लागला तो आमचा कंट्रोल ग्रुप. कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी दोन्ही गटांना फोन करून विचारायचं, सध्या काम आहे का. टेबल झकास दिसत होतं. ट्रेनिंगवाल्यांमध्ये कामाला लागलेले खूप, दुसऱ्या गटात अगदीच कमी. सगळे खूश होते, मीही होते, पण कुठंतरी खटकत होतं, कारण या विषयात एवढा मोठा फरक सहसा येतच नाही. 2017 साली अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतले असे अभ्यास एकत्र करून बघितले होते, तेव्हा हिशोब असा निघाला की 100 जणांना ट्रेनिंगची संधी दिली तर एरवी लागली नसती अशी नोकरी तिघांनासुद्धा लागत नाही. मग आमच्याकडेच असं काय झालं?

एकेक ओळ बघत गेले तेव्हा सापडलं. फोन लागला नाही तर 9 टाकायचं असं ठरलेलं होतं. टेबल बनवताना फॉर्म्युला मात्र असा लागला होता की 1 म्हणजे काम आहे आणि बाकी काहीही असलं तरी काम नाही. म्हणजे ज्याने फोन उचलला नाही तो बेरोजगार! ट्रेनिंगवाल्यांमध्ये 9 फारसे नव्हतेच, ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेकडे त्यांचे ताजे नंबर, वर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू. कंट्रोल ग्रुपला मात्र लॉटरीनंतर कोणी साधं विचारलं पण नव्हतं आणि त्यांच्या यादीत 9 चा नुसता सडा पडलेला.

मग मी कॉलची वेळ असलेला कॉलम बघितला. सगळे फोन सकाळी 11 ते दुपारी 4 मधले.

हे बघून मला खरंच कसंतरी झालं, कारण दुपारी फोन कोण उचलणार, ज्याला काम नाही तोच ना. कामावर असलेला माणूस आम्ही आमच्याच हाताने बेरोजगार लिहून टाकत होतो.

सरांना फोन करून सांगितलं की उद्या रिपोर्ट देता येणार नाही, आणि मी आणि दोन सहकारी सातपासून फोन लावत बसलो. अर्जावर घरच्या एका माणसाचा नंबर घेतलेला होता, तो फार उपयोगी पडला. पहिल्याच फोनवर एक आई म्हणाल्या, तो कामावर आहे, साडेआठला येतो, तेव्हा करा. साडेआठला केला तर तो म्हणाला, मॅडम दिवसा फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, कधी उचलणार? कंट्रोल ग्रुपमधल्या एकीला, इकडे कोर्स चालू असतानाच, दुसऱ्या महिन्यात काम मिळालं होतं. तेच दिवस ट्रेनिंगवाले वर्गात बसलेले, त्यांचं काम शोधणं तेवढं लांबलं. एकाला मी फॉर्ममधला ठरलेला प्रश्न विचारला, गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी निदान एक तास काम केलंत का, तर तो जरा चिडूनच म्हणाला, एका तासाला तुम्ही नोकरी म्हणता का? आंतरराष्ट्रीय व्याख्या तीच आहे, पण त्याचं म्हणणं मी शेऱ्यात लिहून ठेवलं, कारण म्हणूनच आम्ही तास आणि कमाई पण विचारतो आणि माझ्या मते टेबलात तेच आधी यायला पाहिजे.

आणखी एक जण लक्षात राहिला. अर्ज करायच्या दोन महिने आधी त्याची नोकरी गेलेली, नंबर लागला नाही, आणि थोड्याच दिवसांत जुन्या मालकाने परत बोलावलं. अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने 1978 मध्ये दाखवलं होतं ते हेच, की ट्रेनिंगला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या जरा आधीच घसरलेली असते. माणूस पडल्यावरच अर्ज करतो, आणि त्यातले बरेच जण एरवीही उठलेच असते. नुसतं आधीचं आणि नंतरचं बघितलं तर ते उठणं सगळं ट्रेनिंगच्या खात्यावर जमा होतं.

दहा वाजता शेवटचा फोन एका बाईंना लागला. मी कुठून बोलते ते सांगितलं तर एकदम आनंदाने म्हणाल्या, लागला का माझा नंबर? मला दोन सेकंद बोलताच येईना. मग सांगितलं की नाही हो, आम्ही फक्त माहिती घेतोय. त्यांनी तरी सगळी उत्तरं नीट दिली. काम नव्हतं त्यांना.

नवीन टेबलात फरक पार आक्रसला. थोडा उरला, पण आकडा एवढा छोटा होता की तो योगायोगही असू शकेल. मीटिंगमध्ये संस्थेच्या मॅडम दुखावल्या, म्हणाल्या आमच्या मुलामुलींची मेहनत खोटी का? खोटी अजिबात नाही, आणि हे मला त्यांना मनापासून सांगायचं होतं. त्यांचं म्हणणं पडलं की कंट्रोल ग्रुप बाजूला ठेवू, इतर बेरोजगारांशी तुलना करू. मी लालोंद यांचा 1986 चा अभ्यास सांगितला, त्यांनी लॉटरीने आलेलं उत्तर हातात ठेवून तसल्या तुलना करून बघितल्या होत्या आणि बहुतेक उत्तरं बरीच चुकली. त्या गप्प झाल्या पण पटलं असं वाटलं नाही.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. कार्ड, क्लुवे आणि वेबर यांनी 2018 मध्ये अशा रोजगार योजनांचे 200 हून जास्त अभ्यास तपासले तेव्हा सरासरी परिणाम पहिल्या वर्षात जवळपास शून्य आणि दोन-तीन वर्षांनी वाढलेला दिसला, म्हणून सहा महिन्यांवर निकाल लावायचा नाही, दोन वर्षांनी परत विचारायचं. मी दोनच अटी घातल्या, दोन्ही याद्यांना तितकेच फोन, आणि वेळ संध्याकाळी सातनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी. आणि पुढची बॅच निघाली तर लॉटरीत नंबर न लागलेल्यांना आधी कळवायचं हेही मिनिट्समध्ये लिहून घेतलं, त्या बाईंचा नंबर त्या यादीत आहे ना ते मी स्वतः बघितलं.