आमची वाटचाल : एक काटा, एक वही आणि श्वानखाद्याचा धंदा

सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या वडिलांचे पशुखाद्याचे दुकान होते. सरकी पेंड, गव्हाचा भुसा, मक्याचा भरडा आणि कोंबडीखाद्य एवढाच माल तेथे असे. कुत्र्यासाठी वेगळे खाद्य विकत घ्यावे ही कल्पना त्या काळी पेठेत कोणालाच पटणारी नव्हती. शिळी भाकरी आणि दूध हेच कुत्र्याचे अन्न मानले जाई. 1996 मध्ये मी पहिली दहा पोती श्वानखाद्य आणले, तेव्हा वडिलांनी ती दुकानाच्या दर्शनी भागात ठेवू दिली नाहीत. ती संपायला सात महिने लागले. पुढची सतरा-अठरा वर्षे धंदा सरळ चालला आणि त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो आमचा काटा. पोती वजन करण्याचा जुना, लोखंडी पाटाचा प्लॅटफॉर्म काटा वडिलांनी घेतला होता. त्याचे मुद्रांकन, म्हणजे काटा अचूक असल्याची सरकारी तपासणी आणि शिक्का, आम्ही कधी चुकवले नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला या काट्यावर उभे करायचे आणि वजन, वय, जात व रोजचे काम वहीत लिहून मगच खाद्य सुचवायचे, हा नियम मी पहिल्या वर्षीच घातला. धनगरवाड्यावर मेंढरांमागे दिवसभर धावणारे कारवान जातीचे कुत्रे आणि चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत झोपून राहणारे लॅब्राडोर यांच्या पोत्यावरचे चित्र एकसारखे असले, तरी त्यांची भूक आणि गरज एक नसते. जो दुकानदार कुत्रा न पाहता पोते उचलून देतो, त्याने हा व्यवसाय करू नये, असे माझे ठाम मत आहे.

2003 मध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आपल्या लॅब्राडोरला घेऊन आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. काट्याने 41 किलो दाखवले. फासळ्या हाताला लागत नव्हत्या, वरून पाहिले तर कंबर दिसत नव्हती. त्याच्या बांध्याला 32 किलो योग्य ठरले असते. मास्तरांना मी हिशेब मांडून दाखवला : किलोतील वजनाचा 0.75 घात काढून त्याला 70 ने गुणले की कुत्र्याला स्वस्थ पडून असताना लागणारी ऊर्जा किलोकॅलरीत मिळते. 32 किलोसाठी ती सुमारे 940 येते आणि वजन उतरवायचे असेल तर साधारण तेवढीच द्यावी. शंभर ग्रॅमला 350 किलोकॅलरी देणारे कोरडे खाद्य असेल तर दिवसाला 270 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. घरातल्या तूप लावलेल्या पोळ्या आणि चहाबरोबरची बिस्किटे त्याच दिवशी बंद झाली. मास्तरांनी तिकिटांचा हिशेब ठेवावा तशी वही घातली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुत्र्याला काट्यावर आणू लागले. नऊ महिन्यांनी आकडा 32 वर आला. 48 लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले होते; त्यात भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्याहून जास्त जगतात ते वय) 11.2 वर्षांऐवजी 13 वर्षे भरले. मास्तरांनी ते आकडे आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

2014 मध्ये दोन गल्ल्या सोडून दुसरे दुकान उघडले. त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. स्पर्धेची मला भीती नव्हती. राग होता तो त्यांच्या पद्धतीचा. त्यांनी पोती फोडून सुटे खाद्य किलोवर विकायला सुरुवात केली. कोरड्या खाद्याच्या प्रत्येक दाण्यावर चरबीचा थर चढवलेला असतो; पोते उघडे राहिले की हवा लागून तो खवट होतो, आणि पोते फेकून दिले की त्यासोबत उत्पादन क्रमांक आणि मुदतही जाते. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या मालकांना ते खाद्याबरोबर कॅल्शियमची पूडही देऊ लागले. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचे लहान पिल्लू आतड्यातून येणारे जादा कॅल्शियम नीट अडवू शकत नाही. त्याची हाडे वाकतात, सांधे बिघडतात. पिल्लांसाठीच्या चांगल्या खाद्यात कॅल्शियम व फॉस्फरस मोजूनच घातलेले असते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी खाद्यातील कॅल्शियम शुष्क भारावर (पाणी वगळून उरलेल्या वजनावर) 1.8 टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील आफ्को या संस्थेचे मानक सांगते. अशी तीन पिल्ले वाकलेल्या पायांनी आमच्या काट्यावर आली. त्यांच्या मालकांना पशुवैद्यांकडे पाठवताना मला झालेला त्रास मी आजही विसरलेलो नाही. त्या दुकानाचा गल्ला मात्र त्या काळात वाढतच होता आणि आमची गिऱ्हाइके एक-एक करून तिकडे वळत होती.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, म्हणून हमालांना लावून निम्मी थप्पी वरच्या माळ्यावर चढवली. पण तळघरातील पोती निघाली नाहीत. पेठेतून पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा चिखलाचा आणि आंबलेल्या धान्याचा वास रस्त्यापर्यंत आला. पोती शिवायचे यंत्र, दाभणांचा डबा, तेवीस वर्षांच्या वह्या सगळे गेले होते. काटा चिखलात उभा होता.

एकूण सव्वादोनशे पोत्यांपैकी माळ्यावरची साठ कोरडी दिसत होती. मी ओलावामापक यंत्र मागवून नमुने तपासले. कोरड्या खाद्यातील ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. या पोत्यांत तो 15 ते 16 टक्के भरला. दमट मक्यावर जी बुरशी धरते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष कुत्र्याचे यकृत निकामी करते आणि उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. त्याच संध्याकाळी एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. साठही पोती पाव किमतीत घेऊन, वाळवून पुढे विकण्याची त्याची तयारी होती. विमा होता, पण त्यात पुराचे कलम मी घेतले नव्हते, हा माझाच हलगर्जीपणा. घरात त्या महिन्याच्या खर्चाचीही तरतूद नव्हती. तरीही मी टेम्पो परत पाठवला आणि सव्वादोनशेच्या सव्वादोनशे पोती चुना टाकून पुरून टाकली. सुमारे आठ लाखांचा माल होता.

त्यानंतर जे घडले त्याचा सल अजून आहे. आम्ही पुरातला माल स्वस्तात विकत आहोत अशी बातमी गावभर पसरली. कोठून पसरली हे मला ठाऊक आहे. जुन्या गिऱ्हाइकांनी रस्त्यात विचारले, काहींनी विचारलेसुद्धा नाही. माल पुरताना मी छायाचित्र काढून ठेवले नाही, कारण त्याची गरज पडेल असे तेव्हा मनातही आले नाही. माझ्या व्यवसायबंधूंना म्हणूनच सांगतो : माल नष्ट करताना पंचनामा करून घ्या आणि प्रत्येक पोत्याचा क्रमांक टिपून ठेवा.

सप्टेंबरमध्ये मास्तर घरी आले. त्यांचा लॅब्राडोर जाऊन बरीच वर्षे झाली होती. आता त्यांच्याकडे रस्त्यावरून आणलेली एक देशी कुत्री होती. त्यांनी स्वतःची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या वह्या वाहून गेल्या, माझी आहे. हिच्यावरून पुन्हा सुरू करा." वहीत तीन महिन्यांच्या खाद्याचे आगाऊ पैसे होते. पुढच्या पंधरवड्यात आणखी चाळीसेक जणांनी तसेच केले. एका पतसंस्थेने कर्ज दिले आणि दिवाळीच्या आधी आम्ही विश्रामबागला, उंचावर, भाड्याचा गाळा घेतला. जुलै 2021 मध्ये पेठेत पुन्हा पाणी शिरले, तेव्हा आमचे एकही पोते भिजले नाही.

आज कोणी नवीन गिऱ्हाईक आले की मी प्रथम पोत्यामागचा तक्ता वाचायला लावतो. डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिने 8 टक्के आणि कोरड्यावर 22 टक्के लिहिलेली पाहून लोक ओले खाद्य निकृष्ट समजतात. ओल्या खाद्यात 80 टक्के पाणी असते. ते वगळले तर प्रथिने 40 टक्के भरतात, आणि कोरड्यातला 10 टक्के ओलावा वगळला तर जेमतेम साडेचोवीस. घरी शिजवून घालणाऱ्यांना मी नाउमेद करत नाही, पण नुसते बिनहाडाचे मटण आणि भात घातला तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे मिळते, म्हणून पाककृती पशुवैद्यांकडून लिहून घ्यावी. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याच्या पानात कधीही पडू नये. खाद्य बदलायचे असेल तर सात ते दहा दिवस जुन्यात नवे थोडे-थोडे वाढवत न्यावे. एका रात्रीत बदलले की कुत्र्याचे पोट बिघडते आणि दोष खाद्यावर येतो.

लोखंडी काटा गंज काढून, नवे मुद्रांकन करून आम्ही नव्या गाळ्यात आणला आहे. नव्या वहीची पहिली नोंद मास्तरांच्या वहीतून उतरवलेली आहे : देशी मादी, वय चार वर्षे, 17 किलो 400 ग्रॅम, रोज 240 ग्रॅम, दोन वेळा. गेल्या रविवारी ती पुन्हा काट्यावर उभी राहिली. वय झाल्यामुळे तिचे खाद्य आता 210 ग्रॅमवर आणले आहे आणि वजन 17 किलो 200 ग्रॅम आहे.