तुम्ही विचारलंत म्हणून: त्या साध्या किटलीत एवढं काय आहे?

बोस्टनला आलेल्या पाहुण्यांना मी म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये नेतो आणि अठराव्या शतकातल्या पॉल रिव्हियर या बोस्टनच्या चांदी-कारागिराच्या किटल्यांपाशी रेंगाळतो. मग ठरलेला प्रश्न येतो : 'एवढं काय आहे हिच्यात? आपल्याकडची नक्षी बघा!'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बघायचा तो पत्रा.

चित्रकार कॉप्लीनं १७६८ मध्ये रंगवलेलं रिव्हियरचं चित्र तिथेच आहे. त्याच्या हातात गोल, पोट सुटलेली किटली. तशी घडवायची तर चांदीची चकती ठोकत, मध्येमध्ये तापवून मऊ करत वर उठवावी लागे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८० च्या दशकात, रिव्हियरनं पत्रा लाटायचं रुळांचं यंत्र घेतलं. एकसारखा पातळ पत्रा हाती आल्यावर तो अंडाकृती वळवायचा आणि डाख लावून जोडायचा, की झालं किटलीचं अंग. चोचही सरळ, पत्र्याचीच. उभ्या पन्हळ्या पाडल्या की ग्रीक खांबाचा भास होतो, शिवाय पातळ पत्र्याला ताठपणा येतो. शोभा आणि सोय एकाच रेषेत बसवणं मला भारी वाटतं.

नक्षी नाही असं नाही. कोरणी तिरकी धरून घेतलेल्या बारीक कापांच्या झालरी आहेत; उजेड पडला की त्या चमचमतात, फोटोत मात्र मरतात. फिलाडेल्फियाचे कारागीर कलशाच्या आकाराच्या साखरदाणीला मण्यांच्या कडा आणि वर जाळीचा कठडा लावत. तो कठडा मला जरा जास्तच होतो.

हे खांब-कलश प्राचीन ग्रीस-रोमच्या धर्तीचे. अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकाला रोमचं आकर्षण होतं, हे खरंच. पण पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या उत्खननानंतर पसरलेली ही आवड तिथं पोचली ती वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या लंडनमार्गे. इंग्लंडच्या राजाशी लढून झालं, फॅशन मात्र त्याच्याच गावची! खुद्द रिव्हियर युद्धानंतर दुकानात इंग्लंडचा माल विकत होता.

चांदी बहुतेकदा स्पॅनिश नाण्यांची किंवा जुन्या भांड्यांची, वितळवलेली. बँका नव्हत्या तेव्हा भांडं हीच बचत, आणि चोरी झाली तर कोरलेल्या अद्याक्षरांवरून ओळख पटे. लंडनसारखी कस तपासणारी कचेरी बोस्टनला नव्हती. कारागिराचा शिक्का हीच हमी.

रिव्हियरचा पत्र्याचा नाद चांदीवर थांबला नाही. १८०१ मध्ये त्यानं बोस्टनजवळच्या कँटन गावात तांबं लाटायचा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी बोस्टनच्या स्टेट हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीच्या, घुमटावर त्याचा तांब्याचा पत्रा चढला.