ध्रुवावरचा धूर सैबेरियाचाच, हे ठाण्यात बसून कसं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो. ऑगस्ट 2021 मध्ये सैबेरियातल्या याकुतिया प्रांतातल्या वणव्यांचा धूर 3,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापून उत्तर ध्रुवावर पोहोचला. तो ढग नव्हता आणि याकुतियातलाच धूर होता हे ठरवतात कसं, असा प्रश्न नेहमी येतो.

येऊरच्या डोंगरात वाळलेलं गवत पेटलं की घोडबंदर रोडवरून धुराचं मूळ नजरेनंच सापडतं. ध्रुवावर मात्र खाली बर्फ पांढरा, वर ढग पांढरे, आणि मध्ये पातळ करडा थर. नुसत्या रंगीत चित्रावर तिथे विसंबू नका.

नासाची वर्ल्डव्ह्यू ही उपग्रहचित्रांची साइट फुकट आहे. उघडल्यावर आधी आर्क्टिकचा नकाशा निवडा, कारण साध्या नकाशात ध्रुवाचा बिंदू ताणून वरची अख्खी कड होते. मग अतिनील एरोसोल निर्देशांक, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा आकडा, लावा. हवेचे रेणू अतिनील प्रकाश विखुरतात आणि धूर तो शोषतो, म्हणून आकडा शून्याच्या बराच वर जातो. ढगांवर तो शून्याच्या आसपास राहतो. बर्फावरही ही युक्ती चालते. पण आकडा थराच्या उंचीवरही अवलंबून असतो. तोच धूर 1 किलोमीटरवर जेमतेम दिसेल, 8 किलोमीटरवर ठळक. आकडा मोठा म्हणजे धूर जास्त, असं धरलं की पुढचं सगळं चुकतं. सूर्य क्षितिजाला टेकत आला असेल तर आकडा सोडूनच द्या.

पडताळ्याला कार्बन मोनॉक्साइड घ्या, तो हवेत आठवडेच्या आठवडे टिकतो. ट्रोपोमी हे उपग्रहावरचं यंत्र तो 2.3 मायक्रॉन तरंगलांबीवर मोजतं आणि तिथे डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा बर्फ जवळजवळ काळा असतो, त्यामुळे परतणारा प्रकाश तुटपुंजा आणि मोजमाप कच्चं.

खरी मदार उंचीवर आहे, आणि उंची सांगतो लायडर, म्हणजे उपग्रहावरून खाली लेझर सोडून परतलेला प्रकाश मोजणारं यंत्र. असा लायडर असलेला उपग्रह 2006 ते 2023 कॅलिप्सो होता, 2024 पासून अर्थकेअर आहे. लेझरचा प्रकाश गोल थेंबावरून परतला तर त्याचं ध्रुवण (प्रकाशलहरींची एकाच दिशेतली थरथर) फारसं मोडत नाही, वेड्यावाकड्या कणावरून परतला तर मोडतं. 532 नॅनोमीटरवर खालच्या दमट थरातल्या जुन्या धुराचं मोडलेल्या आणि शाबूत ध्रुवणाचं गुणोत्तर साधारण 0.05 च्या आसपास, वाळवंटी धुळीचं 0.3 च्या जवळ, बर्फाच्या स्फटिकांचं त्याहून जास्त. घोळ होतो तो स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, चढलेल्या कोरड्या धुराचा. त्याचं गुणोत्तर 0.2 पर्यंत जातं आणि यंत्राचं वर्गीकरण त्याला ज्वालामुखीची राख म्हणून मोकळं होतं. शिवाय कॅलिप्सोची कक्षा 82 अंशांपर्यंतच, म्हणजे ऐन ध्रुवावर त्याची रेघ कधी पडलीच नाही. उन्हाळ्यात चोवीस तास ऊन, त्यामुळे नोंदीत गोंगाट. पातळ थरासाठी 80 किलोमीटरची सरासरी घ्यावी लागते, आणि तेवढ्यात धुराच्या कडा पुसल्या जातात.

उंची हाती आली की हायस्प्लिट या हवेचा प्रवास मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वाऱ्याचा मार्ग उलटा काढा. एकाच बिंदूवरून 2, 4 आणि 6 किलोमीटर उंचीवर, 10 दिवस मागे. तिन्ही रेषा तीन दिशांना गेल्या तर लायडरच्या उंचीचीच रेषा धरा. तिच्यातही कापलेल्या अंतराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी चूक गृहीत धरा. 3,000 किलोमीटरला ती 600 होते, म्हणून रेषेऐवजी पट्टा काढा.

त्या पट्ट्याखाली, त्याच तारखांना, व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्राचे 375 मीटरचे आगीचे ठिपके दिसायला हवेत. ठिपका नाही म्हणून आग नाही असं समजू नका. वर दाट ढग असतील तर उपग्रहाला आग दिसतच नाही. आधीचा आणि नंतरचा दिवस उघडून पाहा.