एचसी-१२ : अक्षरं गळतात कुठे? (नोंद तिसरी)

मळ्यातल्या टाकीची पाणीपातळी घरी दिसावी म्हणून मी एचसी-१२ या रेडिओ मोड्यूलची जोडी लावली आहे, पण तिच्यावरून येणाऱ्या ओळींतली अक्षरं गळतात. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष अँटेनाचा आहे. शब्द मागे घेतो. स्प्रिंग काढून १७.३ सेंटिमीटरची सरळ तार लावली, सप्लायला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, तरी मळ्यातल्या टाकीकडून येणाऱ्या ओळी तुटतच होत्या. पातळी ६३ ऐवजी ३ दिसली की दादा मोटर लावायला धावतात, आणि वर मलाच ऐकवतात.

शेवटी दोन्ही मोड्यूल घरात आणले. पॉवर पी१ वर, म्हणजे सर्वात खालच्या पायरीवर, उतरवली (फुल पॉवरवर इतक्या जवळ रिसीव्हर बधिर होतो) आणि खोलीच्या दोन टोकांना ठेवले. ओळी तितक्याच तुटल्या! रेडिओवर उगाच आळ घेत होतो.

मग प्रत्येक ओळीला क्रमांक दिला आणि लॉग नुसता बघत बसलो. अर्धा तास सगळं स्वच्छ, मग सलग बारा-पंधरा ओळी फुटक्या, पुन्हा अर्धा तास स्वच्छ. फुटक्या ओळी एकाखाली एक मांडल्या तर चार-पाच अक्षरांचं भोक दर ओळीला दोनेक अक्षरं डावीकडे सरकत होतं. हे बघितलं आणि ट्यूब पेटली.

घरातल्या उनोवर (ओळी वाचणारा छोटा आर्डुइनो बोर्ड) मी हौसेने डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर पण जोडलाय. तो वाचताना त्याची लायब्ररी (तयार कोड) चार-पाच मिलिसेकंद इंटरप्ट, म्हणजे चिपला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे, बंद ठेवते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर म्हणजे साधारण एक मिलिसेकंद, आणि सॉफ्टवेअर सिरियल (साध्या पिनवर कोडने अक्षरं वाचायची पद्धत) तर इंटरप्टवरच जगते. टाकीवाला दर २ सेकंदांनी २२ अक्षरं पाठवतो, सेन्सरही दर २ सेकंदांनी वाचला जातो. पण दोन बोर्डांची घड्याळं किंचित मागेपुढे. म्हणून सेन्सर वाचायची वेळ सरकत सरकत अर्ध्या तासाने बरोबर ओळीवर येऊन बसायची. हार्डवेअर सिरियलवरही (चिपमधल्या खास सर्किटने अक्षरं घेतली तरी) सुटका नव्हती, उनोची चिप इंटरप्टविना दोन-तीन अक्षरंच धरून ठेवते.

उपाय एका ओळीचा: सेन्सर वाचायचा तो पूर्ण ओळ हातात आल्यावरच. पुढची ओळ यायला जवळपास दोन सेकंद असतात. शिवाय ओळीच्या शेवटी चेकसम (अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जोडला. जुळला नाही तर स्क्रीनवर जुनाच आकडा राहतो.

काल संच परत मळ्यात लावला. रात्रभरात चौदा हजारांवर ओळी, तुटल्या तीन. त्यातल्या दोन पहाटे मोटर सुरू झाली त्याच क्षणाच्या, म्हणजे आता स्टार्टरजवळची वायरिंग बघायची. दादांना अजून काही सांगितलेलं नाही.