नातवाला घेऊन ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायचं असेल तर

मुलाकडे अमेरिकेत गेलेले आपल्यातले बरेच आजी-आजोबा ग्रँड कॅन्यनची ती अवाढव्य दरी करून येतात, पण कड्यावरूनच. माथर पॉइंट या कड्यावरच्या जागी फोटो, सनसेट, झालं. आम्ही नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेने पहिल्या रेस्टहाउसपर्यंत, म्हणजे वाटेतल्या विसाव्याच्या निवाऱ्यापर्यंत, उतरलो, म्हणजे जायला दीड मैल आणि यायला दीड मैल, साधारण १,१०० फुटांचा उतार. तुमचे गुडघे बरे असतील आणि पोराला चालायची सवय असेल तर हे नक्की कराच, कारण वरून त्या खोलीचा अंदाज येतच नाही, पहिला बोगदा ओलांडून दोन-चार वळणं खाली गेलं आणि मान वर करून बघितलं की मग कळतं आपण कुठे आलोय ते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हा उलटा गड आहे. आपल्याकडे आधी चढायचं असतं, दमलं की मधूनच फिरायचं आणि उतरत उतरत घरी. इथे उतार आधी येतो, पोरं उड्या मारत सुटतात, दम लागतच नाही, आणि खरा चढ येतो तो ऊन वर आल्यावर, पाय थकल्यावर. त्यामुळे कुठून परत फिरायचं हे खाली जाऊन ठरवायचंच नाही, वरतीच ठरवायचं, आणि तेही घड्याळावर. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. आम्ही घड्याळ नातवाच्याच मनगटावर बांधलं आणि सांगितलं, वेळ झाली की तू आम्हाला थांबवायचं. रेस्टहाउसला पोचल्यावर त्याला अजून खाली जायचंच होतं, "आजी, फक्त त्या वळणापर्यंत!" मी म्हटलं, वेळ किती झाली ते सांग. त्याने बघितलं, जरा गप्प बसला आणि म्हणाला, "चला, फिरायचं." मोठ्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर रडारड झाली असती, इथे निर्णय त्याचा होता.

दुसरं म्हणजे उंची. साउथ रिम, म्हणजे आपण जिथून उतरतो तो दक्षिणेचा कडा, जवळजवळ २,१०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वर असता. चढताना धाप लागते ती त्यामुळेही. शक्य असेल तर आदल्या दिवशी पोचा, मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरा. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, सकाळी वरती स्वेटर लागला आणि परत चढताना तोच कमरेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर फार सांभाळून, अगदी तळाला वरच्यापेक्षा १० डिग्री सेल्सिअस तरी जास्त गरम असतं आणि सकाळी १० ते दुपारी ४ चढावर राहूच नका असं तिथले नॅशनल पार्कवालेच सांगतात. तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका.

पाणी वरूनच भरून न्या. ब्राइट एंजलला नळ आहेत, पण थंडीत बंद असतात आणि पाइपलाइन फुटली तर एरवीही बंद, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर बघा. उतरायची दुसरी वाट आहे साउथ कायबॅब ट्रेल, तिच्यावर पाणीच नाही, सावलीही जवळपास नाही, देखावा मात्र तिकडे जास्त मोकळा. आणि नुसतं पाणी पीत राहू नका, बरोबर खारं काहीतरी खायलाच हवं, नाहीतर अंगातलं मीठ कमी होऊन मळमळ, चक्कर सुरू होते. आमच्याकडे चिवडा आणि खारे शेंगदाणे होते, दर थांब्याला मूठभर. खार जवळ आली, कितीही गोड दिसली तरी पोरांना खायला घालू देऊ नका, चावतात त्या.

वाटेत खेचरांची रांग येते. तेव्हा दरीकडे सरकायचं नाही, डोंगराच्या बाजूला भिंतीला टेकून गप्प उभं राहायचं आणि खेचरांच्या पुढचा माणूस सांगेल तसं करायचं. नातू माझा हात घट्ट धरून उभा होता, खेचराचं पोट आमच्यापासून हातभर अंतरावरून गेलं, घामाचा आणि धुळीचा वास, खोगिराची करकर, श्वास रोखूनच बघत होता. वरती रिमवर मात्र बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तिथे हात सोडूच नका, एवढी कडक मी फक्त तिथेच झाले.

ज्यांना उतरणं जमणार नाही त्यांच्यासाठी ट्रेल ऑफ टाइम आहे, वरती कड्यावरूनच जाणारी सपाट वाट. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातली दहा लाख वर्षं, जमिनीत धातूच्या खुणा आणि बाजूला हात लावून बघायला दगड. नातवाने हिशोब केला, आजीचं अख्खं वय म्हणजे केसाच्या जाडीएवढं! पुढे तळाच्या सगळ्यात जुन्या खडकांच्या पाटीवर 'विष्णू' वाचून तर तो नाचलाच. क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका शिखराला विष्णू टेंपल नाव दिलं, तेच नाव या खडकांनाही आहे.

व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरचं, म्हणजे मुलांनी सोडवायचं, पुस्तक पहिल्याच दिवशी घ्या, फुकट असतं, पूर्ण केलं की रेंजर, म्हणजे पार्कचे कर्मचारी, शपथ देऊन बॅज देतात. पार्कातल्या शटल बसही फुकट, साउथ कायबॅबच्या सुरुवातीला तर स्वतःची गाडी नेताच येत नाही. ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा सीनियर पास फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांनी तो धरून चालू नये, आपली फी किती ते आधी बघून ठेवा. काठ्या दोन न्या, उतरताना गुडघ्यांना त्यांचाच आधार. आणि राहायची खोली पार्काच्या आत हवी असेल तर कित्येक महिने आधी बुक करा.